एकोणतीसच्या पाढ्याचे डॉक्टर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी दवाखान्याच्या दारातून परत फिरणार होते. नागपूरला नर्सिंग शिकून आलेली, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, आणि समोर काय दिसावं? सूट, टाय आणि भर घरात डोक्यावर हॅट घातलेले एक किडकिडीत गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी धोतराचा काचा मारलेला एक धिप्पाड शेतकरी. दोघं मिळून एका लाकडी पायरीवर चढताहेत, पलीकडे उतरताहेत, गर्रकन वळून पुन्हा चढताहेत. आणि हॅटवाले खड्या आवाजात ओरडताहेत, "सतरा त्रिक एक्कावन्न! सतरा चोक अडुसष्ट! पाय उचला, पाटील! सतरा पंचे पंच्याऐंशी!"

मला वाटलं, मी चुकून प्राथमिक शाळेत आले, आणि तीही वेड्यांच्या.

"तुम्ही नव्या सिस्टर का?" न थांबता त्यांनी मला विचारलं. "पायातून बाजूला व्हा. सतरा सक एकशे दोन!"

हे आमचे डॉक्टर. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. मलकापूरला स्टेशनाजवळ त्यांचा दवाखाना. गावात डॉक्टर आणखीही होते, पण कार्डिओग्रामचं यंत्र फक्त यांच्याकडे. मुंबईहून ते रेल्वेने आलं, तेव्हा स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत त्यांनी ते बैलगाडीत सरकी काढलेल्या कापसावर ठेवून आणलं आणि स्वतः गाडीमागून चालत आले. नवी नवरीही कुणी इतक्या जपून आणली नसेल, असं डॉक्टरीणबाई मला सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

आता ती पायरी काय होती ते सांगते. माणूस टेबलावर निवांत पडला असताना हृदय कुरकुर करत नाही. त्याला कामाला लावलं की करतं. म्हणून डॉक्टर आधी पेशंटला त्या पायरीवरून चढ-उतार करायला लावत आणि लगेच झोपवून कार्डिओग्राम काढत. हातापायांना पट्टे, छातीवर चिकटणारा रबरी फुगा, आणि यंत्रातून सरसरत येणारी कागदाची पट्टी. तापलेली काडी त्या कागदावर रेघ काढत जायची. रेघ जिथे सपाट असायला हवी तिथे खाली झुकली, की समजायचं, हृदयाला रक्त पुरत नाही.

"सुई नाई, चाकू नाई, रक्ताचा थेंब नाई," डॉक्टर प्रत्येकाला अभिमानाने सांगत. "चढा, उतरा, झोपा. बस्स."

आणि नेमकं हेच आमच्या लोकांना पटत नसे. सुई न टोचता घरी पाठवणारा डॉक्टर वऱ्हाडात कोण मानतो? पेशंट टेबलावरून उठायचा, बंडीची गुंडी लावायचा आणि तिथेच घुटमळायचा. "डॉक्टर, एक सुई तं द्या जी. एवढ्या दुरून आलो." डॉक्टर कपाळाला हात लावत. शेवटी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत, आणि मी आत नेऊन जीवनसत्त्वाची एक सुई टोचून देत असे. माणूस खुशीत कंबर चोळत घरी जायचा.

पाढ्यांची भानगड अशी. चढ-उतार एका लयीत व्हायला हवा. पुस्तकात म्हणे त्यासाठी टकटक करणारं एक यंत्र सांगितलं होतं. ते काही मलकापूरला आलं नाही. मग डॉक्टरांनी पाढे घेतले. एकेक पाऊल, एकेक शब्द. पेशंटचं वय, अंगकाठी आणि चेहऱ्याचा रंग बघून ते पाढा ठरवत. अगदी नाजूक माणसाला बेचा, कारण तो सावकाश म्हणता येतो. धडधाकट माणसाला एकोणतीसचा. एकोणतीसचा म्हणजे शेवटची पायरी, त्यापुढे डॉक्टरांना स्वतःलाच पाढे येत नव्हते.

झालं! गावात माणसं पाढ्यावरूनच मापली जायला लागली. "मले एकोणतीसचा लागला," असं मिशीला पीळ देत सांगणारे लोक बाजारात दिसायचे. एका सोयरिकीत मुलीच्या बापाने नवऱ्या मुलाच्या काकाला विचारलं होतं, "पोराले कितीचा पाढा देला डॉक्टरनं?" पोरगा बावीस वर्षांचा, त्याच्या छातीला काय धाड भरली होती? पण नाही, त्याला आणून चढवलं, एकोणतीसचा म्हणवून घेतला, तेव्हा कुठे साखरपुडा झाला.

डॉक्टर स्वतः प्रत्येक पेशंटबरोबर चढत. त्याशिवाय इलाजच नव्हता. कारण आमच्या लोकांना पायरी म्हटली की ती देवळाचीच वाटायची. मनात काही नसलं तरी हात आपोआप खाली जायचा. चपला बाहेर काढून यायचे, पायरीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, आणि मग चढायचं. बरं, एकदा करून भागत नसे. पलीकडे उतरून वळले, की पुन्हा वाकायचं! लय गेली, पाढा गेला, हृदयाला जो ताण द्यायचा तो नमस्कारातच विसावा घ्यायचा.

"अहो, हे लाकूड आहे!" डॉक्टर ओरडत. "बाभळीचं लाकूड! सुताराने केलं आहे!"

"हो ना जी," पेशंट म्हणायचा आणि वाकायचा.

मग सोबत चढून, दंडाला धरून, त्याला वाकू न देणं हा डॉक्टरांचा रोजचा व्यायाम झाला. तरी लोक डाव साधायचे. मी सकाळी येऊन बघावं तर पायरीवर कुंकवाचं बोट, कधी झेंडूचं फूल. एकदा तर कुणी अगरबत्ती खोचून गेलं होतं. डॉक्टर देवाधर्माच्या नावाने कडाकडा बोटं मोडणारे. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा "साखर जास्त आहे" म्हणून परत करायचे. ते कुंकू बघून त्यांची हॅट थरथरायची. ते पुसायचं काम माझं. आमचं घर बौद्ध. आईने घरातले सगळे देव नदीत सोडले तेव्हा मी समोर उभी होते. सगळ्या दवाखान्यात त्या पायरीला न वाकणारी मी एकटीच, म्हणून डॉक्टरांचा माझ्यावर भारी लोभ. "या गावात शहाणे माणसं दोनच," ते म्हणायचे, "एक मी अन् एक ही पोरगी." डॉक्टरीणबाई ते ऐकून आत भांडी जोरात ठेवायच्या.

त्यांचं दुसरं वाक्य, जे मी हजारदा ऐकलं असेल: "माणूस खोटं बोलते. पट्टी खोटं बोलत नाई." छातीत दुखतं म्हणून आलेला प्रत्येक माणूस "गॅस आहे जी" असं म्हणायचा. "गॅस?" डॉक्टर विचारायचे. "पट्टीले विचारू." आणि पट्टी पाहिल्याशिवाय ते कुणाला छातीची एक गोळी देत नसत. आधी पट्टी, मग गोळी. हा त्यांचा कायदा. खुद्द तहसीलदार आले तरी हाच.

पण पट्टीलाही खोटं बोलायला लावणारा एक जण गावात होताच. तो म्हणजे शेजारची जिनिंग, कापसाची सरकी काढायचा कारखाना.

यंत्र आलं त्या दिवशी डॉक्टरांनी जिनिंगमधला एक हमाल धरून आणला. रेड्यासारखा ठणठणीत माणूस. त्याची पट्टी काढली, तर रेघ सगळी केसाळ, सुरवंट चालत गेल्यासारखी. डॉक्टर घाबरले. "हलू नका," म्हणाले. हमाल हलत नव्हता. पुन्हा काढली, पुन्हा सुरवंट. डॉक्टरांनी त्या बिचाऱ्याला तिथेच टेबलावर पडून राहायला सांगितलं, त्याच्या बायकोला बोलावणं धाडलं. ती रडत आली. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, जिनिंगच्या मोटारी थांबल्या, आणि रेघ एकदम साफ. हमाल बरा झाला! बायकोने डोळे पुसले. सुट्टी संपली, मोटारी सुरू झाल्या, हमाल पुन्हा आजारी. दुसऱ्या दिवशीही तेच झाल्यावर डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आजारी आहे ती विजेची लाइन. मोटारींची थरथर तारेतून यंत्रात येत होती.

तेव्हापासून कापसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळी ते शिमगा, सगळे कार्डिओग्राम जेवणाच्या सुट्टीत. हमाल भाकरी हातात घेऊन आमच्या खिडकीशी उभे राहायचे, पेशंट चढायचा, डॉक्टर पाढा म्हणायचे आणि बाहेरून हमाल सूर धरायचे. कित्येक अंगठेबहाद्दर माणसं त्या खिडकीत एकोणतीसचा पाढा शिकली. शाळामास्तरांना हेवा वाटायचा.

जिनिंगचे मालक म्हणजे भाऊसाहेब. मोठे जमीनदार, आवाज त्याहून मोठा. ते आणि डॉक्टर शाळेत एका बाकावर बसलेले. हमालाच्या त्या प्रकारानंतर डॉक्टर छत्री घेऊन तरातरा जिनिंगवर गेले होते आणि म्हणाले होते, "तुझ्या मोटारी बंद ठेव. मले लोकाइच्या छात्या पाहाच्या आहेत."

"मले कापूस पाहाचा आहे," भाऊसाहेब म्हणाले. "हंगामात जिनिंग थांबत नसते. माह्या बापाच्या मयतीले नाई थांबली. तुह्या पेशंटाइले सांग, सुट्टीतच आजारी पडत जा म्हणा."

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. वर्षानुवर्षं बंद. पण भाऊसाहेबांना कापसाच्या धुळीने खोकला यायचा आणि औषध तर दुसऱ्या कुणाचं लागू पडायचं नाही. मग ते येऊन बाकावर बसत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "सिस्टरबाई, त्या माणसाले सांगा, खोकला थांबून नाई राह्यला."

दोन हातांच्या अंतरावर बसलेले डॉक्टर मला म्हणत, "त्या माणसाले सांगा, नाकाले फडकं बांधत जा."

"सांगा त्या माणसाले, फडकं बांधलं तं हमालाइले शिव्या ऐकू जात नाई."

मी नुसती मान इकडून तिकडे फिरवत असे. दोघांचा टेलिफोन झाले होते मी. एकदा कंटाळून आत निघून गेले, तर दोघंही गप्प बसून माझी वाट बघत राहिले, पण एक अक्षर एकमेकांशी बोलले नाहीत. म्हातारपणी माणसं मुलांपेक्षा मूल होतात, दुसरं काय!

त्या वर्षी कापूस उदंड झाला. स्टेशनापर्यंत गाड्यांची रांग लागलेली असायची. आणि त्याच हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी मला एक दिवस स्वयंपाकघरात ओढलं. "का गं, तुले काही दिसते का?" त्यांनी विचारलं. "स्टेशनच्या पुलावर हे मधातच थांबतात. विचारलं तं म्हणतात, मालगाडी पाहून राह्यलो. काल खाली गाडीच नव्हती. रिकामे रूळ पाहून राह्यले होते, अन् हात असा छातीवर."

मला दिसलं होतं. पाढ्याच्या मध्ये टाय सैल करायचे. सत्तावीस, अठ्ठावीसचे पाढे म्हणायला लागले होते, एकोणतीसचा टाळायचे. मी त्याच दिवशी म्हटलं, "डॉक्टर, तुमची एकदा पट्टी काढू या."

"काढू ना," म्हणाले. "पण दुखते तवा काढली पाहिजे. अन् दुखते तवा जिनिंग चालू असते. केसाळ पट्टी घेऊन काय करू? हंगाम संपू दे."

"मग सुट्टीत काढू."

"सुट्टीत पेशंट असतात."

"मग निदान जिभेखालची गोळी ठेवा जवळ."

"पट्टी पाहिल्याशिवाय गोळी?" त्यांनी हॅट सारखी केली. "माह्याच दवाखान्यात? कायदा म्हणजे कायदा."

असा राग आला मला! जन्मभर जिनिंगला शिव्या घालणारा माणूस आता तिच्याच आडोशाला लपत होता. मोटारी चालू म्हणून पट्टी नाही, पट्टी नाही म्हणून गोळी नाही. मी डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लहानपणी शाळा चुकवताना पोट दुखते म्हणायचे, सासूबाई सांगायच्या. आता खरंच दुखते तं म्हणत नाई." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. भीती आम्हा दोघींनाही वाटत होती, पण त्या हट्टी माणसापुढे इलाज चालत नव्हता.

मग तो दिवस आला. सोनाळ्याच्या पाटलीणबाई आल्या होत्या. आडव्यातिडव्या अंगाच्या, नऊवारी लुगडं, हातात नारळ. "मले एकोणतीसचाच पाहिजे," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "माह्या जावेले सव्वीसचा देला होता. तिच्यापेक्षा कमी घेऊन गेली तं घरात तोंड दाखवता येनार नाई."

डॉक्टरांनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं, एक क्षण पायरीकडे. मग कोटाची बटणं काढली. "चला," म्हणाले. "एकोणतीस एके एकोणतीस!"

पाटलीणबाई वाकल्या. डॉक्टरांनी त्यांना वर ओढलं. बाई चढल्या, उतरल्या, वळल्या, वाकल्या, डॉक्टरांनी ओढलं. त्या बाईंना ओढणं म्हणजे चिखलातून गाडी काढणं. खिडकीत हमाल रंगात आले. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" सुट्टी संपत आली तरी बाई काही दमेनात. डॉक्टरांचा आवाज मात्र बारीक होत गेला.

"एकोणतीस साते," डॉक्टर म्हणाले, आणि थांबले.

उत्तर येईना. डॉक्टर पायरीवर उभे, एक हात भिंतीवर. हमालांना वाटलं, विसरले. "दोनशे तीन!" खिडकीतून आनंदाने गलका झाला. "दोनशे तीन, डॉक्टर!"

त्याच वेळी भोंगा झाला आणि जिनिंग धडधडत सुरू झाली.

"बाई," पाटलीणबाई मला म्हणाल्या, "यायले काहीतरी होऊन राह्यलं."

आम्ही दोघींनी त्यांना टेबलावर झोपवलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी गोळीची बाटली उघडली. त्यांनी मान फिरवली. "पट्टी," म्हणाले.

"काढते ना पट्टी."

"जिनिंग चालू हाये. केसाळ येईन." आणि त्या तशा दुखण्यात त्यांच्या तोंडावर चक्क समाधान दिसलं. "संध्याकाळी पाहू. गॅस असन."

गॅस! ज्या शब्दासाठी या माणसाने अर्धा जिल्हा रागावून काढला, तो शब्द यांच्या तोंडून! मी पाटलीणबाईंना म्हटलं, "यांना उठू देऊ नका, बसा हवं तर यांच्यावर," आणि तशीच धावत सुटले.

जिनिंगमध्ये कापसाचा धुरळा, काही दिसत नाही. मोटारींच्या आवाजात काही ऐकू येत नाही. भाऊसाहेब ढिगापाशी उभे. मी ओरडले, "डॉक्टर!"

"काय?"

"डॉक्टर! छातीत!"

अर्धवट ऐकून त्यांनी सवयीने तोंड वाकडं केलं. "त्या माणसाले सांगा..."

"त्या माणसाला काही सांगायची सोय राहिली नाही आता!" मी त्यांच्या कानाशी जाऊन किंचाळले. "तो टेबलावर पडलाय, आणि तुमच्या मोटारी चालू आहेत म्हणून औषध घेत नाही! मेला तर बोलायचं राहून जाईल, भाऊसाहेब!"

भाऊसाहेबांनी हातातला कापूस टाकला. मग दुसऱ्या कुणाला न सांगता, स्वतः धोतर सावरत भिंतीकडे धावले आणि मोठा खटका खाली ओढला.

दिवाळी ते शिमगा ज्या आवाजाची सवय झालेली असते, तो भर दुपारी थांबला तर काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. बैलांनी माना वर केल्या. गाडीवान खाली उतरले. दुकानदार ओट्यावर आले. कुणी म्हणालं आग लागली, कुणी म्हणालं भाऊसाहेब गेले, आणि तेवढ्यात भाऊसाहेबच अंगभर कापूस घेऊन माझ्यापुढे धावताना दिसले. मग सगळं गाव आमच्यामागे.

टेबलावर डॉक्टर कान टवकारून पडले होते. "काऊन बंद पडली?" त्यांनी विचारलं. तोंडावरचं समाधान पार पळालं होतं.

"बंद पडली नाई, केली," भाऊसाहेब दारातून म्हणाले. "सिस्टरबाई, लावा त्या माणसाले तारा."

मी सदरा उघडला, हातापायांना पट्टे बांधले. ते जे पेशंटना म्हणत तेच मी त्यांना म्हटलं, "बोलू नका, हलू नका, शांत पडा." आणि रबरी फुगा त्यांच्या छातीला लावला.

डॉक्टर हसले.

मला वाटलं भास झाला. फुगा सरकवला. पुन्हा हसले, या वेळी अंग आक्रसून, खी खी करत. रेघ कागदावर उड्या मारायला लागली.

"यायले गुदगुल्या होतात!" डॉक्टरीणबाई दारात येऊन ओरडल्या. "लग्नापासून मले माहीत हाये! म्हणूनच काढून घेत नसतीन पट्टी!"

काय बोलावं! माणूस मरणाच्या दारात, डोळ्यांत दुखण्याचं पाणी, आणि खुदुखुदू हसतोय. खिडक्यांत हमाल, गाडीवान, सगळे श्वास रोखून. मी फुगा लावते, ते हसतात. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"हसू नको बे!" भाऊसाहेब कडाडले. "बापाच्या मयतीले थांबवली नाई ती जिनिंग थांबवली मी तुह्यासाठी, अन् तू हसून राह्यला?"

"सिस्टर," डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "त्या माणसाले सांगा... अरेतुरे नको..."

"चूप!" भाऊसाहेब पुढे आले, त्यांनी डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, पट्ट्यासकट. "मन तिकडे नेऊ नको. माह्यासंग म्हण. बे एके बे. म्हण ना बे! बे दुणे चार."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "बे त्रिक सहा."

"बे चोक आठ," खिडकीतून हमालांनी हळूच धरलं. मग पाटलीणबाईंनी, मग सगळ्यांनी. कुणी मोठ्याने म्हणालं नाही. बेचा पाढा, सगळ्यात नाजूक माणसाचा. दहापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांचे खांदे सैल पडले. मी फुगा ठेवला. ते हसले नाहीत.

रेघ साफ आली. इतकी साफ रेघ त्या यंत्राने हंगामात कधी काढली नव्हती.

पट्टी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. मला न वाचताही दिसलं होतं, रेघ खाली झुकलेली होती. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे.

"सिस्टर," ते शेवटी म्हणाले, "पेशंटले गोळी द्या."

मी गोळी जिभेखाली ठेवली आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.

त्यांना पुढे अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं आणि उन्हाळा संपेपर्यंत घरी बसवलं. भाऊसाहेब रोज सुट्टीत त्यांच्या उशाशी जाऊन बसायला लागले. बोलायला लागले का? छे! "वहिनी, त्या माणसाले सांगा, भाजीत मीठ कमी खात जा म्हणा." टेलिफोन तेवढा बदलला होता. सोनाळ्याच्या पाटलीणबाई मात्र आजही माझ्या डोळ्यांपुढे येतात. त्यांची पट्टी पुढे सावकाश काढली, निर्दोष निघाली. पण पाढा साताशीच तुटला म्हणून त्या शेवटपर्यंत खट्टू होत्या. जाताना नारळ पायरीशी फोडून, "डॉक्टरले सांभाळ," असं त्या लाकडाला बजावून गेल्या.

डॉक्टर नसताना त्या पायरीवर कुंकवाचे थर चढले. कुणी लाल दोरा बांधला. मी रोज फडकं घेऊन समोर उभी राहायची. माझा त्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण पुसायला हात होत नव्हता. एवढी माणसं एका हट्टी, हॅटवाल्या, सुई न देणाऱ्या डॉक्टरसाठी येऊन वाकून जातात, ते काय फडक्याने पुसायचं?

आणि एका सकाळी मी दवाखान्यात आले तर दार उघडं. डॉक्टर आले होते, कुणाला न सांगता. पायजमा, सदरा, डोक्यावर तेवढी हॅट. त्यांची माझ्याकडे पाठ होती. ते पायरीसमोर उभे होते. मला वाटलं, आता कुंकवावरून माझी चंपी होणार. मी दारातच थांबले.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. हॅट काढली. हळूच वाकले, पायरीला हात लावला, आणि तो हात कपाळाकडे गेला. मग सरळ होऊन, श्वास घेऊन, पायरीवर पाय ठेवत पुटपुटले, "बे एके बे."

माझी चप्पल वाजली. ते दचकून वळले. गावातल्या दोन शहाण्यांपैकी एक दुसऱ्यापुढे असा लालेलाल झालेला मी कधी पाहिला नाही.

"काही नाई," हॅट घालत ते म्हणाले. "बुटाची लेस सुटली होती."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या.